आत्तींची खिडकी



नोकरीच्या घरात सूर्यास्तापूर्वीचं जेवण कसं जमवता, असं तुमच्यापैकी पुष्कळजणी विचारतात. आमच्याकडे ते घड्याळावर नाही, हॉलच्या खिडकीवर जमतं. तिसरा मजला, खिडकी पश्चिमेला, समोर भाताची खाचरं, त्यापलीकडे पुणे-लोणावळा लोकलचे रूळ आणि मागे डोंगरांची रांग. खिडकीच्या काचेवर छोट्या लाल टिकल्या चिकटवलेल्या आहेत. त्या माझ्या सासूबाईंनी लावल्या आहेत. आम्ही सांगलीकडचे, सासूला आत्ती म्हणतो. आपल्या खुर्चीतून सूर्य डोंगराला टेकताना जिथे दिसतो तिथे आत्ती टिकली लावतात, महिन्याला एक.

ज्येष्ठातली टिकली अगदी उजव्या टोकाला. तेव्हा सूर्यास्त सव्वासातच्या आसपास, त्यामुळे घाई नसते. मग टिकल्या हळूहळू डावीकडे सरकतात, आणि मार्गशीर्षात अगदी डाव्या चौकटीजवळ येतात. नोव्हेंबरच्या शेवटी इथे सहाला दोन-तीन मिनिटं कमी असतानाच सूर्य बुडतो. आत्ती दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, तोंड धुवून मोकळ्या होतात. म्हणजे पाच वाजता ताट हवं. आमचे हे पिंपरीला नोकरीला आहेत. थंडीत त्यांचा संध्याकाळचा डबा मी सकाळीच वेगळा भरून देते. पाचच्या सुट्टीत ते कामावरच खातात आणि साडेसातला घरी येऊन नुसतं पाणीही घेत नाहीत. सुरुवातीला कामावरचे लोक हसायचे. आता डब्यात काय आहे ते विचारतात.

डोंगराआड सूर्य गेला की तो सूर्यास्त धरायचा का पंचांगातला, यावर आमच्यात एकदा बरीच चर्चा झाली. डोंगरामुळे आपल्याला सूर्य दिसेनासा होतो तो पंचांगातल्या वेळेच्या थोडा आधी. आत्तींनी डोंगराचा धरला. "जो डोळ्याला दिसतो तो खरा. लवकर जेवल्यानं कुणाचं काय बिघडतंय?"

या मुलुखाला मावळ म्हणतात ते सूर्य मावळतो त्या बाजूचा म्हणून, असं इथले जुने लोक सांगतात. मला ते पटतं. सांगलीला सूर्य उसाच्या शेतात कुठेतरी हरवायचा. इथे तो रोज नेम धरून डोंगराच्या एका ठरावीक खाचेत उतरतो.

आम्ही 2018 साली कान्ह्याला आलो. पुण्यात घर परवडेना. लोकलच्या मार्गावर तळेगाव, मग वडगाव, मग कान्हे, पुढे कामशेत. जितकं लोणावळ्याकडे सरकावं तितका दर कमी, असं तेव्हा होतं. कान्हे फाटा म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून आंदर मावळाकडे, टाकव्याकडे वळायची जागा. पूर्वी लोक इथे फक्त वळत होते. आता राहतात.

आत्ती आल्या 2021 च्या फाल्गुनात, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झाल्यावर. मामंजी त्याआधी वर्षभर गेलेले. गावाकडे मोठं घर, पण चार पायऱ्या चढल्याशिवाय कुठेच जाता येत नाही. इथे लिफ्ट होती. एवढ्या एका कारणासाठी त्या आल्या, आणि पहिले तीन महिने त्यांनी ते आम्हाला विसरू दिलं नाही.

त्यांचं दुःख काय ते तुम्हाला सांगायला नको. पन्नास वर्षांचा नियम, बस्तीत जाऊन देवदर्शन घेतल्याशिवाय अन्न नाही. गावात बस्ती घरापासून साठ पावलांवर. पहाटे अभिषेकाची घंटा अंथरुणात ऐकू यायची. इथे त्यांना चालवेल एवढ्या अंतरावर बस्ती नाही, आणि चालणं तर वॉकर घेऊन हॉलपासून संडासापर्यंत. घरात मूलनायकाची तसबीर आहे, त्यासमोर त्या हात जोडायच्या, पण जेवताना घास फिरायचा. दोनदा त्या भाताच्या पातेल्याकडे बघून नुसत्या उठल्या. "इथं ना बस्ती, ना बाया. मी इथं का बसलोय?"

(आमच्याकडे बायकाही "मी आलो, मी बसलो" म्हणतात. सोसायटीतल्या शेजारणींना त्याची अजून गंमत वाटते. त्या मुद्दाम आत्तींना बोलतं करतात.)

मी त्यांना रागे भरले नाही, समजूतही घातली नाही. समजूत घालण्याजोगं माझ्याजवळ काही नव्हतं. त्यांची खुर्ची तेवढी खिडकीपाशी नेली, कारण तिथे वारा येतो.

आषाढ लागला. आपल्याकडे आषाढ शुद्ध चतुर्दशीला मुनिसंघ वर्षायोगाची स्थापना करतात. पावसात पायाखाली जीवांची एवढी दाटी होते, की चालणं म्हणजेच हिंसा, म्हणून चार महिने एका जागी. गावात असताना आत्ती दर चौमाशाला काही ना काही नियम घ्यायच्या. कधी रस सोडायचा, कधी एकाशन, पालेभाजी तर सगळ्यांनाच बंद. त्या वर्षी चतुर्दशीच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "मी देशव्रत घेणार हाय."

मला ते नुसतं पाठशाळेत पाठ केलेलं आठवत होतं. दिग्व्रत म्हणजे जन्मभरासाठी दिशांची मर्यादा, देशव्रत म्हणजे काही काळापुरती त्याहून लहान जागेची मर्यादा. आत्तींना ते जास्त नेमकं ठाऊक होतं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या मर्यादेच्या खुणा सांगितल्या आहेत त्यात घर आहे, गाव आहे, शेत आहे, नदी आहे, रान आहे. काळाच्या मापात वर्ष आहे, ऋतू आहे, आणि चार महिनेही आहेत. आत्तींनी खिडकीतून बोट दाखवलं. "ह्या समोरच्या शेताच्या पलीकडच्या बांधापर्यंत. दिवाळीपर्यंत. त्याच्या पलीकडं मी जाणार न्हाई, काही मागवणार न्हाई, तिकडचा विचार पण करणार न्हाई."

मनात आलं ते मी विचारलंच. आत्ती, तुम्हाला तसंही खाली उतरता येत नाही, मग जे जमतच नाही ते सोडण्यात व्रत कुठलं?

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जाता येत न्हाई म्हणून बसणं आणि जाणार न्हाई म्हणून बसणं, यात बसणारीला फरक पडतोय. तुला दिसणार न्हाई." मग थोडं थांबून, "आणि मन कुठं थांबतंय गं? ते रोज सांगलीला जाऊन येतंय. त्याला बांधायचं हाय."

तेव्हापासून समोरचं शेत म्हणजे त्यांच्या मर्यादेची सीमा झालं. आणि सीमेकडे माणूस नुसतं बघत नाही, राखणीला बसल्यासारखं बघतं. त्यांच्यामुळे मीही बघायला शिकले.

पाऊस इथे काय असतो ते सांगलीच्या बाईला कळायला वर्ष लागतं. आमच्याकडे वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर. इथून तासाभराच्या आत लोणावळा, तिथे चार हजारांच्या आसपास. कान्हे मधेच, डोंगर संपून मोकळं होतं तिथे. पावसाची भिंत लोणावळ्याकडून रुळांवरून चालत येताना खिडकीतून दिसते. आधी लांबचा डोंगर पुसला जातो, मग जवळचा, मग सिग्नलचा खांब, आणि मग दोरीवरचे कपडे काढायला साधारण एक मिनिट उरतं. घरात काही वाळत नाही. पिठाची तर फारच सांभाळणूक. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसात तीनच दिवस पीठ चालतं, म्हणजे भर पावसात दर तीन दिवसांनी गिरणी. मी किलोभरच दळून आणते. गिरणीवाले दादा पहिल्या वर्षी विचारायचे, ताई, पगार झाला नाही का?

आषाढात समोरच्या खाचरात आवणी झाली. आमच्याकडे ऊस, ज्वारी, हळद, त्यामुळे भातलावणी मी कधी जवळून पाहिली नव्हती. आधी चिखलणी. पॉवर टिलर सकाळभर त्याच चौकोनात फिरत राहतो, पाणी आणि माती यांचं दाट पिठलं होईपर्यंत. मग बायका. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ, कमरेत वाकलेल्या, ओळीने, मागे मागे सरकत. दोरी धरून लावतात तेव्हा ओळी वहीवर रेघा मारल्यासारख्या. आत्ती त्यांना मोजायच्या. "आज अकराजणी. काल आलेली निळ्या खोळवाली न्हाई आली." दुपारी त्या बांधावर बसून भाकरी खायच्या, त्याच वेळी आत्ती ताटावर बसायच्या. कधीपासून ते माझ्या लक्षात आलं नाही, पण त्यांचा घास फिरायचा थांबला होता.

चार दिवस रोपं पिवळी पडून आडवी होतात. आत्तींना वाटलं सगळं गेलं. त्यांनी त्या दिवशी दोन माळा जास्त ओढल्या. सातव्या-आठव्या दिवशी हिरवं उभं राहिलं. हा हिरवा रंग कसा असतो ते मला लिहिता येत नाही. पोपटी म्हणावं तर तेवढा भडक नाही.

रात्रीची खिडकी वेगळी. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर येते, तुम्हाला माहीत आहेच, सकाळी पंखांचा खच आणि मनाला चुटपुट. आम्ही जाळी बसवली, पण जाळीतून बारीक चिलटं येतातच. म्हणून पावसाळ्यात दिवेलागणीनंतर हॉलमधला दिवाच लावायचा नाही असं ठरवलं. जेवणं झालेलीच असतात. आतल्या खोलीत मंद दिवा, हॉलमध्ये अंधार, आत्तींची णमोकार माळ आणि पावसाचा आवाज. धाकटी कुरकुरायची, शेजारी काय म्हणतील, वीजबिल भरलं नाही म्हणतील. पण तिनेच 2022 च्या मेअखेरीला पहिल्यांदा ओढ्याकाठच्या झाडावर काजवे पाहिले. आधी एकेकटे, मग सगळं झाड एकाच वेळी उजळायचं आणि विझायचं. दिवा लावलेला असता तर काच म्हणजे नुसता आरसा होता. आत्ती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चार इंद्रियांचा जीव, पण दिवाळी केली."

श्रावणात फारसं काही होत नाही. पाऊस, शेवाळ, डाळी, सांडगे, पुन्हा पाऊस.

भाद्रपदात पाऊस उघडझाप करू लागतो आणि आपलं दशलक्षण पर्व येतं. शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस, रोज एका धर्माचं चिंतन. त्याच दिवसांत डोंगरउतारावर सोनकी फुलते. इथून फूल दिसत नाही, नुसता पिवळा हात फिरल्यासारखा दिसतो. भात पोटरीत आलेलं असतं. पुढे दाण्यात दूध भरलं की पाखरांचे थवे उतरतात. शेतमालक बांधावर काठ्या रोवून जुन्या कॅसेटच्या फिती ताणतो, त्या वाऱ्यावर गुणगुणतात. आत्तींना ते आवडायचं नाही. आपल्याकडे घरोघरी सांगतात ना, चारित्रचक्रवर्ती शांतिसागर महाराज, मूळचे भोजच्या शेतकरी घरातले, पूर्वाश्रमी शेत राखायला गेले की पाखरांना हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत. आत्तींच्या सासऱ्यांनी म्हणे ते ऐकून एक वर्ष ज्वारीच्या चार ओळी सोडल्या होत्या. "आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं. "पुढच्या वर्षी दुष्काळ पडला," आत्ती म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला. मग खिडकीच्या कठड्यावर वाटीभर पाणी ठेवायला लागलो. कबुतरंच येतात.

दिवाळीत भात पिवळं होतं. आमच्या समोरचं इंद्रायणी. ही जात इथलीच, पुढच्या स्टेशनावरची म्हणा ना. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून ती तयार झाली, 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आली. आंबेमोहराचा वास आणि दुसऱ्याचं भरघोस उत्पन्न. शिजला की किंचित चिकट होतो, आत्तींना म्हातारपणी तोच बरा वाटतो. अश्विन अमावास्येच्या पहाटे, महावीर निर्वाणाच्या वेळी, आम्ही तसबिरीपुढे निर्वाणलाडू ठेवला. गावातल्या बस्तीतली पूजा पुतण्याने फोनवरून दाखवली. चौमासा संपला, व्रतही संपलं. उजाडलं तेव्हा समोर कापणी चालू होती. आषाढातल्या आवणीला बसलेलं व्रत कापणीला उठलं, हे काही आत्तींनी ठरवून केलं नव्हतं, पण तसं झालं. मी म्हटलं, आता खाली चला, व्हीलचेअर आणते, बागेत बसू. त्या गेल्या, दोन वेळा. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "तिथनं शेत दिसत न्हाई."

थंडीत सकाळी धुकं असतं. टाकव्याच्या बाजूला नदीवर ते आधी उठतं, मग पसरत रुळांवर येतं, आणि लोकलचा फक्त भोंगा येतो, गाडी येत नाही. भात निघालेल्या खाचरात उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर. टिकली डाव्या चौकटीला लागलेली.

त्या डाव्या बाजूलाच लोहगड आहे. आमच्या खिडकीतून किल्ला नाही दिसत, मधल्या डोंगरांची पाठ दिसते, पण पौषात सूर्य त्याच दिशेला उतरतो. लोहगडवाडीजवळच्या लेण्यातला एक ब्राह्मी शिलालेख 2019 साली उजेडात आला, तो तुमच्यापैकी काहीजणींनी वाचला असेल. सुरुवात अरिहंतांच्या नमस्काराने. लेणं करवून घेणाऱ्याचं नाव इंद्ररक्षित. याच मावळात पाले गावच्या लेण्यात त्याच नावाचा असाच लेख आधीपासून माहीत होता, त्यात लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेलं टाकं, करवल्याचं लिहिलं आहे. प्राकृत भाषा, इसवीसनापूर्वीचं पहिलं-दुसरं शतक. म्हणजे दोन हजार वर्षांहून जास्त झाली.

मी हे आत्तींना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला तीन वेळा विचारलं, कुठल्या दिशेला? मी टिकल्यांच्या डावीकडे बोट केलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात जोडताना तसबिरीसमोरून खुर्ची थोडी वळवून घेतली. "पावसाळ्यात इथंच थांबले असतील मुनी," त्या म्हणाल्या. "आधी पाण्याची सोय बघितलीय बघ. पोढी." त्यानंतर देवदर्शनावाचून जेवण्याची त्यांची तक्रार मी ऐकलेली नाही. गेली असं मी म्हणणार नाही, माझ्यापर्यंत येत नाही एवढंच.

फाल्गुन-चैत्रात सगळं तपकिरी. डोंगरावर रात्री वणव्याची वाकडी लाल रेघ दिसते, तेव्हा आम्ही दोघीही खिडकी लावून घेतो. आणि मग राब. राब म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा. तिथे शेण, पालापाचोळा, गवत अंथरायचं, वरून माती पसरायची आणि पेटवायचं. तण जळतं, किडींची अंडी जळतात, राख रोपांना मिळते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. पण पहिल्या वर्षी तो धूर बघून मला घास जाईना. आपण पाणी दुहेरी कापडातून गाळतो, जिवाणी जपून सोडतो, निदान सोडायचो, नळाच्या पाण्याची जिवाणी कुठे सोडावी हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. आणि पानातला भात मात्र या धुरातून येतो.

आत्तींना माझं हे फार नाजूक वाटलं. "तुझ्या बापानं पाचट जाळलं न्हाई? आमच्यात जाळलं न्हाई?" मग त्यांनी मला पाठशाळेतल्यासारखं समोर बसवलं. हिंसा चार. संकल्पी, जी ठरवून मारण्यासाठी करतात. आरंभी, जी चूल-पाण्यात होते. उद्योगी, जी पोटाच्या धंद्यात होते. विरोधी, जी रक्षण करताना होते. श्रावकाला पहिली पूर्ण वर्ज्य, बाकीच्या तीन यत्नाने कमी करायच्या. आदिनाथ भगवंतांनीच असि, मसि, कृषि शिकवली. "शेत न करणाऱ्यानं शेतकऱ्याची हिंसा मोजू नये. आपला घास मोजावा." त्या दिवसापासून आमच्या घरात ताटात भाताचं शीत राहत नाही. पाहुण्यांच्या ताटातलं राहिलं तर काय, यावर अजून धुसफूस होते.

राबाबद्दल शेवटचं मला कळलं ते फाटकावर. तिथे एक मावशी तांदूळ आणि हरभऱ्याची भाजी घेऊन बसतात. रेल्वेचं फाटक पडलं की त्यांचा धंदा. कुठे राहता म्हणून त्यांनी विचारलं, मी इमारत सांगितली. त्या हसल्या. "तुमची लिफ्ट हाय ना, तिथं आमचा राब असायचा. मी नवी नवरी आले तवा पयला राब तिथंच भाजला." तांदूळ नेहमीपेक्षा मापाला जास्त घातले. मी लिफ्टने वर आले तेव्हा तीन मजले जरा लांब वाटले. आत्तींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण बी खाचरातच बसलोय."

आणि आता समोरचं. गेल्या वर्षी वैशाखात बांधावर चुना पडला, दगड रोवले गेले, लाल फडकी लागली. तीस गुंठे विकले म्हणे. विकणाऱ्याला काय बोलावं? त्याच्या मुलीचं शिक्षण आहे, मजूर मिळत नाहीत, आणि आम्हीही कोणाच्यातरी विकलेल्या जमिनीवरच राहतो. सोसायटीच्या ग्रुपवर व्ह्यू जाणार म्हणून आरडाओरडा झाला. मला त्यात सामील होववेना. गेल्या आषाढात तिथे आवणी झाली नाही. पाणी साठलं, लव्हाळे माजले, बगळे मात्र आले, नेहमीपेक्षा जास्त. आत्तींनी त्याच बांधाची मर्यादा धरून चौथं देशव्रत केलं, पण मोजायला बायका नव्हत्या. त्या जप लवकर संपवायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. त्या चार महिन्यांत त्यांचं वजन पाच किलोने उतरलं. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. जेवण सुटलं नव्हतं, पण पुन्हा हातात घास धरून थांबायच्या.

यंदा फेब्रुवारीत मुरूम पडला. ट्रकमागून ट्रक, आठ दिवस. पलीकडचा बांध ज्या दिवशी बुजला त्या दिवशी आत्तींनी मला बोलावून दाखवलं, आणि पुन्हा त्याबद्दल बोलल्या नाहीत. आता पत्र्याचं कुंपण आहे, त्यावर बारा मजली इमारतीचं चित्र. मधल्या डोंगराची पाठ अजून दिसते, टिकल्या अजून खऱ्या आहेत. पण दिवाळीपर्यंत स्लॅब आमच्या उंचीला येतील.

मी घाबरले होते. गावाला परत जायचं म्हणतील आणि तिथे त्यांचं करणारं कोणी नाही. ज्येष्ठ लागला तसं मी रोज वाट बघत होते, काय बोलतात.

परवा बोलल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं, म्हणाल्या. मी सांगितलं, फाटक दिसतं, थांबलेल्या गाड्या, तांदळाच्या मावशी बसतात ती जागा, एक जांभळाचं झाड आणि टाकव्याच्या रस्त्याचं पहिलं वळण. त्या विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या जांभळापर्यंत धरू. सूर्यास्त तू बघून सांग मला. तिथं खुर्ची बसंल का माप घे."

माप घेतलं. सिलिंडर उजवीकडे सरकवला आणि चकलीचे-पापडाचे डबे माळ्यावर टाकले, तर वॉकर वळवण्यापुरती जागा होते. गाळलेल्या पाण्याची घागर कुठे ठेवायची ते मात्र अजून ठरलेलं नाही. चतुर्दशीला बारा दिवस आहेत.